अकराच्या जागी दहा

जळगाव,
भाऊबीज होऊन सोळा दिवस झाले

तीर्थस्वरूप वच्छलाअक्काच्या पायांशी,

धाकट्या निंबाचा वाकून नमस्कार. (कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढंच वाकलो आहे, उरलेलं मनाने समजून घ्यावं.) तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मागच्या पत्रात मी चुकीच्या गुडघ्याची चौकशी केली होती आणि तू उत्तरच धाडलं नव्हतंस. तुझा रुपचंद, त्याची मंडळी, तुझी तुळस आणि गल्लीतली तुझी शिकवणीची पोरं सगळी मजेत असतील. आमच्याकडेही सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. राग रास्त आहे. भूपेंद्रने तुला फोन करून "आत्या, यंदा भाऊबीजेला नका येऊ, मोहिनीची दहावी आहे" असं सांगितलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो. फोन त्याच्या हातातून घ्यावा असं मला फार वाटलं, पण वाटणं आणि करणं यांच्यामध्ये माझा नेहमीच एक थांबा असतो. (चौतीस वर्षं यावलच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस मी. लोकांना गाड्या सांगितल्या, स्वतः कुठली धरली नाही.) त्या दिवशी मोहिनीने आपण होऊन ताट घेतलं आणि "आत्याआजीच्या वतीने" म्हणत मला ओवाळलं. तिच्या बोटाचं कुंकू नाकावर उतरलं. मी ते संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

आता घरात काय चाललं आहे ते नीट सांगतो. आपली मोहिनी नववीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असायची. ऑगस्टच्या चाचणीत बीजगणितात वीसपैकी सात पडले आणि दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेत चाळीसपैकी अकरा. गणिताच्या धास्तीने बाकीचे विषयही मान खाली घालून बसले. आपली सून नूतन एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते हे तुला ठाऊक आहे. तिने ती गुणपत्रिका लॅबच्या रिपोर्टसारखी वाचली, प्रत्येक विषयापुढे पेनाने "कमी", "फार कमी" असं लिहिलं, आणि मग खुर्चीत बसून नुसती कागदाकडे बघत राहिली. रिपोर्ट दुसऱ्याच्या घरचा असतो तेव्हा वाचून बाजूला ठेवता येतो, असं ती मला नंतर म्हणाली.

मग उपाय सुरू झाले. टीव्ही बंद. पाहुणे बंद. (ते तुला कळलंच आहे.) वांगी बाजारात येऊन पडली तरी यंदा भरीत पार्टीचं नाव कोणी काढत नाही. मोबाइल हा मुख्य आरोपी ठरला, म्हणून घरातले तिन्ही फोन संध्याकाळी सहानंतर ज्वारीच्या कोठीत. पहिल्याच दिवशी कोठीतून रिंग वाजली. भूपेंद्र जामनेरच्या बाजार समितीत नोकरीला, साहेबांचा फोन असेल म्हणून त्याने कोपरापर्यंत हात घातला, तर फोन आतल्या आत आणखी खाली गेला. शेवटी अर्धी कोठी चादरीवर ओतली. फोन सापडला तेव्हा पलीकडे कोणीतरी कर्ज हवं का म्हणून विचारत होतं. त्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात अजून एक दाणा अडकलेला आहे. भिजवलेले बदामही सुरू झाले, रोज सात. मोहिनीला ते आवडत नाहीत, ती माझ्या खिशात टाकते. परिणाम असा, की मला दुसरीच्या पुस्तकातल्या कविता पानाच्या आकड्यांसकट आठवू लागल्या आहेत आणि पोरीचे गुण आहेत तिथेच आहेत.

भूपेंद्रचं मात्र मला मोठं वाटतं. हल्ली तो पाचच्या आत घरी येतो. मोहिनी क्लासहून यायच्या आधी तिचं पुस्तक उघडून, पेन्सिल कानावर खोचून, एकटाच गणितं शिकत बसतो. म्हणजे ती आल्यावर तिला समजावता यावीत. ती आली की समजावायला लागतो, तिसऱ्या ओळीत स्वतःच अडकतो आणि म्हणतो, "तुझं लक्ष नाही!" ती रडते. तो चपला घालून बाहेर जातो आणि केळीच्या वेफर्सचं पाकीट आणून न बोलता तिच्या वहीवर ठेवतो. रोज हेच. अक्का, या घरात कोणाचं कोणावर प्रेम कमी आहे असं नाही, गणित तेवढं येत नाही.

आता खरी गोष्ट. हात जरा थांबला होता, पाणी पिऊन आलो.

मोबाइलचा काही दोष नाही. दोष माझा आहे.

ही पोर चौथीत असताना तिच्या तोंडी सतराचा पाढा बसत नव्हता. मी तो एका चालीवर बसवून दिला, आपण शाळेत कविता म्हणायचो तशा. दुसऱ्या दिवशी खाडखाड म्हणून आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग मी थांबलोच नाही. अपूर्णांक बसवले, सरळव्याज बसवलं, आणि तिच्या आठवी-नववीत तर पुस्तकातलं एकेक उदाहरण उत्तरासकट वृत्तात बांधलं. दोनशे बारा कवितांची वही झाली आहे, वर वेलबुट्टी काढून "गणितमंजिरी" असं नाव घातलं आहे. नमुना देतो:

क्ष-वर्गातुन अकरा क्ष ते हळूच जाती वजा,
चोविस येती भेटायाला, तीन-आठची मजा!

(हल्ली शाळेत एक्स म्हणतात. एक्स वृत्तात बसत नाही, म्हणून मी आपल्या वेळचा क्ष ठेवला.) नववीपर्यंत शाळेत पुस्तकातलीच गणितं जशीच्या तशी यायची. पोर मनात चाल धरायची आणि पेपर सोडवून यायची. मी समजत होतो, हिला गणित येतं. ती समजत होती, गणित म्हणजे हेच असतं. दहावीला लताबाई नावाच्या नव्या मॅडम आल्या. त्या आकडे बदलतात. सत्र परीक्षेत त्यांनी अकराच्या जागी दहा घातले. पेपर देऊन मोहिनी घरी आली आणि अगदी निरागसपणे मला म्हणाली, "आबा, आज एका गणितात एक मात्रा कमी पडत होती हो. मला वाटलं छापताना चुकलं असेल. मी अकरा करून घेतलं आणि तीन-आठ लिहून आले."

अक्का, तिचं मात्रांचं गणित बरोबर होतं. मला क्षणभर अभिमानच वाटला. मग कळलं, पोरीला गणित येतच नाही, चाल येते.

त्याच आठवड्यात नूतनने तिला वहीसमोर गुणगुणताना पकडलं. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून आलेली ती, तिचा आवाज चढला. "अजून गाणीच सुचताहेत का तुला? पेपरात गाणी लिहिणार आहेस?" मोहिनी जे गुणगुणत होती ते तेवीस नंबरचं उदाहरण होतं, माझंच. हे आबांचं आहे, एवढंच तिने सांगायचं होतं. ती म्हणाली, "चुकलं गं आई." आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मला सांभाळून घेतल्याची नजर होती ती. पंधरा वर्षांच्या पोरीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला असं सांभाळायची वेळ येऊ नये. मी काय केलं? मी चष्मा शोधू लागलो. तो नाकावरच होता.

आणि परवा जेवताना भूपेंद्र म्हणाला, जानेवारीच्या पूर्वपरीक्षेतही असंच झालं तर शेवटचे दोन महिने तिला लांबच्या निवासी क्लासला ठेवायचं. तिथे पहाटे पाचला उठवतात, घरच्यांना रविवारी अर्धा तास भेटू देतात. मोहिनीने मान हलवली आणि भाकरी मोडत राहिली. तरीही तिने माझं नाव घेतलं नाही. मी बोललो नाही तर ही पोर माझ्यापायी घराबाहेर जाईल. आणि बोललो तर? नूतन मला टाकून बोलणार नाही, तशी ती नाहीच. पण त्या वहीकडे ती कशा नजरेने बघेल, याचीच मला धास्ती आहे. यात मी काय करावं, ते तू मोठी आहेस म्हणून विचारतो. सल्ला दोन ओळींत कळवलास तरी चालेल. थंडी वाढली आहे, कानाला रुमाल बांधत जा. रुपचंदला आशीर्वाद.

तुझा
निंबा

ता. क. १ : सल्ला नको. तू ये. वर चार पानं लिहिली पण मुद्द्याला हात लावला नाही, ही माझी खोड तुला माहीत आहे. खरं तर दुसरंच काही लिहायचं आहे. तिसरीत मला अंकगणितात पहिला आल्याबद्दल बक्षीस मिळालं होतं, आणि ते घेताना मी कविताही म्हणून दाखवली होती. ती सगळी गणितं तुझ्या पाटीवर झालेली होती, मी फक्त उतरवून घेतली होती. त्याच वर्षी तुझी सातवीची फायनल होती. परीक्षेला यावलला जावं लागतं म्हणून बाबांनी तुला बसू दिलं नाही आणि वैशाखात धुळ्याला देऊन टाकलं. माझं बक्षीस घरात भिंतीवर टांगलं होतं, त्याच्याखाली तू जात्यावर बसायचीस. मी तेव्हा काही बोललो नाही, नंतरही नाही. पुढे तू रुपचंदच्या शाळेच्या पुस्तकांतून बीजगणित शिकलीस, पापड लाटता लाटता, आणि आज तुझ्या गल्लीतली पोरं पास होतात ती तुझ्यामुळे. आमच्या घरात समजून गणित येणारं माणूस एकच आहे, आणि त्याच माणसाला आम्ही दहावी आहे म्हणून येऊ नको म्हटलं! तू म्हणशील, "निंबा, तू येडा शे का रे?" शे, अक्का.

ता. क. २ : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं, कारण काल जेवताना मी सगळं सांगून टाकलं. वही ताटाशेजारी ठेवली. भूपेंद्रने ती चाळली. मला वाटलं, आता फाडतो. त्याने ती मिटून मांडीवर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणू लागला,

काटकोनाच्या समोर बसली कर्ण नावाची बाई,
दोन भावांच्या वर्गांचा ती भार एकटी वाही!

तीस वर्षांपूर्वी त्याच्या दहावीला मीच बांधून दिलेली. मी पार विसरलो होतो. "आबा, तुमच्या चालींवरच तर मी गणितात काठावर पास झालो," म्हणाला. "आणि पोरीला शिकवायला मीच बसतोय!" नूतन हसायला लागली ती थांबेचना, हसता हसता तोंडाला पदर लावून आत गेली, आणि परत आली तेव्हा डोळे लाल होते. मोहिनीजवळ बसून म्हणाली, "मला सांगायचं ना गं." मोहिनी म्हणाली, "मग तू आबांची वही पण कोठीत टाकली असतीस." नूतनने तिला जवळ घेतलं. जेवणं गार झाली. निवासी क्लासचं नाव कोणी काढलं नाही, पण जानेवारी तर येणारच आहे.

ता. क. ३ : धुळ्याहून सकाळी आठची पारोळा-एरंडोलमार्गे येणारी गाडी बरी, खिडकी डावीकडची धर, ऊन लागत नाही. (चौकशीच्या खिडकीची सवय.) सोबत मोहिनीचा एक कागद जोडला आहे. आज तिने पुस्तक मिटून स्वतःच्या मनाने एक गणित घातलं. तेरा आणि छत्तीस असे आकडे घेतले आणि सोडवून उत्तर काढलं, चार आणि नऊ. याला चाल नाही, मी लावून पाहिलेली नाही, शपथेवर सांगतो. भूपेंद्र म्हणतो बरोबर असावं. नूतन म्हणते, तिचा गणित विषय अकरावीला सुटला तो सुटलाच. मला कागद दिसायला छान वाटतो, पण माझ्या वाटण्यावर आता या घरात कोणी जात नाही. मोहिनी म्हणते, आत्याआजी सांगेल तेच खरं. तेव्हा चूक असेल तर लगेच निघ. आणि बरोबर असेल तर तसं फोनवर सांगू नकोस, तिच्या समोर बसून सांगायला ये.