वेंडेलचं डोकं

२ मार्च, रविवार

टाळ्या वाजवल्या! माणूस सांगतोय, मेल्यावर माझं डोकं काढून घ्या — आणि दीडशे शिकलीसवरलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत! मी तिथेच, त्याच्या चाकाच्या खुर्चीमागे. एकाला वाटलं नाही, हिला विचारावं — बाई, तुला चालेल का? तुझाच नवरा आहे ना तो?

काल विद्यापीठाच्या नाट्यविभागाला पन्नास वर्षं झाली त्याचा समारंभ होता. वेंडेलने तिथे चौतीस वर्षं शिकवलं. डॉक्टर म्हणाली नेऊ नका. पोटातला कॅन्सर आता सगळीकडे गेलाय, बाहेर बर्फ पडतोय. तो म्हणाला, जाणार. नेलं. सूट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

नादीन ओडमने यादी वाचली — तीच हल्ली विभागप्रमुख. कुणी काय मिळवलं त्याची यादी. रोरी लिंडक्विस्टला टीव्हीवरच्या कामाबद्दल बक्षीस. टाळ्या. कुणी टोरांटोत स्वतःची नाटक कंपनी काढली. टाळ्या. नादीनचं स्वतःचं पुस्तक आलं, तेही तिनेच वाचलं! टाळ्या. अर्धा तास हे चाललं. वेंडेलचं नाव यायचं, पण दरवेळी दुसऱ्याच्या शेपटीला. 'हॅगर्टी सरांचा विद्यार्थी.' 'हॅगर्टी सरांची विद्यार्थिनी.' मी वाट बघत होते, आता त्याचं स्वतःचं काही वाचतील. नाही वाचलं. नसेलच काही.

मग माइक त्याच्या हातात दिला. म्हणाला, "सगळ्यांनी काही ना काही मिळवलं. मी काय देऊ? राजपुत्र कवटी हातात धरून बोलतो, त्या प्रवेशाला तुम्ही अजून ती प्लास्टरची कवटी वापरता. बघून लाज वाटते. माझी घ्या. खरी आहे. जरा कळ काढा फक्त."

हसले. मग टाळ्या. मग उभं राहून टाळ्या.

घरी येताना गाडीत लहान पोरासारखा खूश. मी गाडी चालवत होते.

४ मार्च, मंगळवार

गंमत असेल असं धरून चालले होते. दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी हाच विनोद करायचा म्हणे. आज लापशी भरवताना विचारलं, "ते डोक्याचं खरंच?"

"खरंच."

"वेड लागलंय तुला."

"लागलं असेल. वापरायला कवटी तरी चांगली आहे."

दोन चमचे खाल्ले आणि तोंड फिरवलं.

त्याचे केस मी कापते. लग्न झाल्यापासून, स्वयंपाकघरात, गळ्याला पंचा बांधून. डाव्या कानामागे एक उंचवटा आहे, तिथे कात्री जपून चालवावी लागते. हे त्या दीडशे जणांपैकी कुणाला माहीत आहे?

६ मार्च, गुरुवार

नादीन आली. सोबत एक दाढीवाला, प्राणिशास्त्रवाला. मी कॉफी दिली — कशाला दिली!

नादीन म्हणते, "अगं डार्ला, घाबरू नकोस. सगळं अगदी नैसर्गिक पद्धतीने होतं."

म्हटलं, काय नैसर्गिक?

दाढीवाला खुलला. त्याच्याकडे पेट्यांमध्ये किडे पाळलेत. मांस खातात, हाडाला धक्का लावत नाहीत. हाताने डबा दाखवतो मला, एवढा, म्हणे! "हाड इतकं सुंदर निघतं, काय सांगू."

मी म्हटलं, "तुमच्या आई आहेत का?"

"आहेत की."

"मग त्यांचं डोकं आधी घाला त्या डब्यात. कसं निघतंय बघते, मग आमचं देते."

आतल्या खोलीतून वेंडेल हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. मी धावले. परत आले तर दोघं कोट चढवून दाराशी. नादीनने टेबलावर कागद ठेवला होता. "त्याची सही झालीये. पण बायकोचीही लागते. औपचारिकता गं."

औपचारिकता!

७ मार्च, शुक्रवार

आर्नीला फोन केला. गावातले सगळे मेलेले पुरण्याआधी त्याच्याकडेच जातात. आम्ही एका वर्गात होतो, मी आठवीत शाळा सोडेपर्यंत. म्हणाला, "डार्ला, त्याने सोन्याच्या शाईने लिहून दिलं तरी मेल्यावर मालकीण तू. तू सही केली नाहीस तर मी कुणाला बोटाचं नखसुद्धा देणार नाही."

म्हणजे माझ्या हातात आहे. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

९ मार्च, रविवार

लिहून टाकते. कुणाला सांगायचं नाहीये, पण डोक्यात घोळतंय.

बाबा गोठलेल्या तळ्यावर मासे मारायला गेला होता, पायाखालचा बर्फ तुटला. मी तेरा वर्षांची. वसंतात शोधलं, एक बूट मिळाला. आईने तो बूट पुरला. अख्ख्या मोठ्या पेटीत, कारण लहान पेटी म्हणजे पोरांची, असं ती म्हणाली. चार माणसांनी पेटी उचलली तेव्हा आत बूट गडगडला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढच्या महिन्यात मी खाणावळीत कामाला लागले.

मला वेंडेल अख्खा पुरायचाय. यात शिकण्यासारखं, समजून घेण्यासारखं काही नाही. अख्खा. बस.

११ मार्च

मॉर्फिन वाढवलं. झोपूनच आहे. घर कसं बंद डब्यासारखं झालंय. नर्स म्हणाली, तुम्ही बाहेर एक चक्कर मारून या. कुठे जाऊ? बर्फ बघायला?

१३ मार्च, गुरुवार

रोरी लिंडक्विस्ट आला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका आहे. विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन आला. शेजारची बाई पडदा सारून बघत होती.

पलंगाशी गुडघ्यावर बसला. रडला. चांगला रडतो, ते मान्य. "सर, तो प्रवेश मी करणार. शरदात. तारखा मोकळ्या ठेवल्यात. मीच तुम्हाला हातात धरणार."

वेंडेलचे डोळे असे चमकले! महिनाभरात मी किती सूप केलं, किती पाठ चोळली, एकदा चमकले नव्हते.

मी म्हटलं, "रोरी, धरायचंच आहे तर आत्ता हात धर ना. अजून जिवंत आहे तो."

गडबडला. दोन बोटं धरली, गरम भांड्याचा कान धरावा तशी. खोलीतला आजारपणाचा वास त्याला सहन होत नव्हता. मला कळतं. मलाही पहिल्यांदा झाला नव्हता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बाहेर गेला तो अंगणातूनच हात हलवून गेला.

वेंडेल म्हणतो, "बघितलंस? तारखा मोकळ्या ठेवल्यात त्याने."

मी त्याचं पांघरूण नीट केलं.

१५ मार्च, शनिवार

आज शुद्धीवर होता दुपारभर. उन्हं पलंगावर आली होती. भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग कधी भांडायचं?

म्हटलं, "मला कारण सांग. विनोद नको, भाषण नको. खाणावळीत पहिल्या दिवशी अंडी कशी हवीत विचारलं तर भाषण ठोकलं होतंस, मागे ही रांग! आज सरळ बोल."

पाणी मागितलं, घोटभर प्यायला. मग बोलला. "मला कधी काम मिळालं नाही, डार्ला."

"चौतीस वर्षं नोकरी केलीस!"

"नोकरी नाही. काम. नाटकातलं." शिकागोत सहा वर्षं काढली होती त्याने, माझ्या आधी. एवढं मला माहीत होतं. रोज कुठे ना कुठे उभं राहून वाचून दाखवायचं, आणि ते म्हणायचे, बघू, कळवू. सहा वर्षांत एक भूमिका. "चादरीखालचं प्रेत," तो म्हणाला. "तेसुद्धा चार प्रयोगांनंतर दुसऱ्याला दिलं. म्हणाले, मी श्वास घेताना दिसतो."

मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे मग आता पुन्हा प्रेताचंच काम मागतोस!"

तोही हसला. पोट धरून, दुखत असताना. "या वेळी श्वासाची तक्रार करणार नाहीत. आणि चादर नसेल. चेहरा दिसेल माझा."

"चेहरा कुठला? हाडं."

"माझीच ना."

यादीतल्या सगळ्या पोरांना यानेच उभं राहायला शिकवलं, बोलायला शिकवलं. त्यांच्या प्रत्येक पहिल्या प्रयोगाला गाडी काढून गेला. डेन्व्हरला गेला, टोरांटोला गेला. मी डबे करून द्यायचे. परत आला की दोन दिवस बोलायचा नाही. मला वाटायचं प्रवासाने दमला.

म्हणाला, "सही करशील?"

मी म्हटलं, "बघू."

त्याने डोळे मिटले. "बघू. म्हणजे नाही. सहा वर्षं ऐकलंय हे."

मी उठून भांडी घासायला गेले.

१६ मार्च

पुन्हा विचारलं नाही त्याने. मी पलंगाच्या आसपास घुटमळत राहिले. काय म्हणणार होते, मलाच माहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार

गेला. सकाळी. मी पडदा सरकवत होते, मागे वळले तर गेलेला. एवढा बोलका माणूस, एक शब्द नाही.

२० मार्च, गुरुवार

मेल्या म्हशीला मणभर दूध! विभागाने त्याच्याबद्दल लिहिलंय, उरलेली औषधं न्यायला आलेल्या नर्सने तिच्या फोनवर वाचून दाखवलं. 'थोर', 'दिलदार', 'रंगभूमीला वाहिलेलं आयुष्य.' आजारी पडल्यापासून वर्षभरात नादीन सोडून किती जण दारात आले? एका हाताची बोटं पुरतील, त्यातलाही अंगठा उरेल.

शेजारच्या बायका बटाट्याची, नूडल्सची भांडी ठेवून जातायत. फ्रीज भरला. खायला मी एकटी. पाद्री आले. डोक्याचं गावभर झालंच आहे. म्हणाले, "देवाला सगळे तुकडे सापडतात." मी म्हटलं, देवाला सापडतील हो, मला नाही सापडत.

आर्नीने त्याला थंडीत ठेवलंय. शुक्रवारपर्यंत, अठ्ठावीस तारखेपर्यंत. मग पेटी बंद. म्हणाला, "काय ते त्याच्या आधी ठरव."

ठरलेलंच आहे. कागद अजून टेबलावर आहे. त्यावर मिठाची बरणी ठेवलीये, उडू नये म्हणून. घरात वारा नाही, काही नाही.

२२ मार्च

काही नाही.

२४ मार्च, सोमवार

नादीनचा फोन. आवाज एकदम लोण्यासारखा.

"डार्ला, कसं सांगू... वरून नकार आलाय. वकील म्हणतात भानगड नको. काही विद्यार्थ्यांच्या घरच्यांनीही तक्रार केली. खरं तर त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, सर नेहमीसारखा विनोद करतायत."

मी म्हटलं, "तू दाढीवाल्याला घेऊन माझ्या घरी आली होतीस. कॉफी प्यायलीस."

"हो, पण तेव्हा आम्हाला एवढं..." मग गडबडीने, "पण त्यांचा मान आम्ही ठेवणारच! नाट्यगृहातल्या एका खुर्चीवर पितळी पाटी. आणि मुलं मशीनवर प्लास्टिकची कवटी काढणार आहेत, अगदी हुबेहूब. तिला आम्ही वेंडेलच म्हणणार!"

"आणि रोरी?"

"त्याला काय, तो करतोच आहे प्रवेश. त्याला चालेल."

ठेवला फोन.

म्हणजे झालं. मला हवं तेच झालं. सहीचा प्रश्नच मिटला. अख्खा जाईल तो. आर्नीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ना गं?" मी म्हटलं, हो.

बटाट्याचं गरम केलं, खाल्लं. उभ्यानेच. भांडं घासलं. परत घासलं. खुर्चीवर पाटी लावणार. म्हणजे वर कुणीतरी बसणार, आणि तो परत खाली. बसलेला माणूस रोरीकडे बघणार, रोरी प्लास्टिककडे बघणार.

पलंग तसाच आहे. चादर काढायला हात उचलत नाही.

२५ मार्च, मंगळवार

सही केली. आर्नीकडे, त्याच्यासमोर. त्याने तीनदा विचारलं, "नक्की?" म्हटलं, तू तुझं काम कर.

तिथून तशीच नादीनच्या ऑफिसात. बूट झटकले नाहीत, गालिच्यावर सगळा चिखल. कागद तिच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. त्या ऐकून तो मेला. त्याला वाटतंय त्याला काम मिळालंय. मी नाही म्हणत होते तेव्हा तुम्हाला तो पाहिजे होता. आता मी हो म्हणतेय. पाटी नको. प्लास्टिक नको.

ती म्हणाली, "वकिलांना विचारावं लागेल, डार्ला."

म्हटलं, विचार. वरच्यांना विचार, रोरीला विचार, टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना एकेकाला विचार. शुक्रवारी दुपारी बारा वाजता आर्नी पेटी बंद करतो. त्याआधी वेंडेलला घेताय की नाही, ते मला तोंडाने सांगायचं. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर उभं राहून. हो की नाही?