त्या अमेरिकन माणसाच्या बाकीच्या रचना

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका गोष्टीवरून मी अजून तुमच्याशी भांडते आहे. शिकागोच्या काकांनी पाठवलेली ती कॅसेट. रविवारी तुम्ही दाढीचा आरसा खिडकीत टांगायचात आणि त्या अमेरिकन संगीतकाराची एकच रचना लावायचात, नुसत्या तारवाद्यांची, संथ, रडवी. मोठं माणूस गेलं की जगभर हीच वाजवतात, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचात. ती संपली की गालावर साबण तसाच ठेवून उठायचं आणि टेप मागे न्यायची. एकदा तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी ती पुढे चालू दिली. पाच जणांनी फुंकून वाजवलेलं, त्याचंच काहीतरी निघालं. आधी दुपारच्या उन्हासारखं सुस्त, मग एकदम बासरी आणि तिच्यामागे बाकीचे, भांडकुदळ साळुंक्यांसारखे. मी स्वयंपाकघरात आईसमोर नाचते आहे आणि टॉवेल गुंडाळून तुम्ही दारात उभे.

"या टिवटिवीत काय हाये? मोठा माणूस मोठ्या कामानंच ओळखल्या जाते," म्हणालात आणि टेप बंद केलीत. मला तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही.

पुढे मी दारव्ह्यात लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान टाकलं. कापसाची ती वाईट वर्षं आली आणि मुंबईचे कॅमेरेवाले यायला लागले. यवतमाळ जिल्हा म्हणजे त्यांना एकच बातमी ठाऊक, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. त्यातले दोघे फिल्म जोडून घ्यायला माझ्याकडे आले. बघते तर चित्रणात आपली राळेगावची मावशी. अळीनं पोखरलेली बोंडं दाखवताना ती रडली होती. मग बिचकलेल्या गोऱ्ह्यानं त्यांच्यातल्याच एकाला ढुशी देऊन शेणात बसवलं, तेव्हा पोट धरून हसलीही होती. त्यांना फक्त रडणं हवं होतं, आणि त्याखाली नेमकी तुमची ती रचना. मी त्यांच्यादेखत हसणं परत जोडलं आणि त्याखाली ती टिवटिव लावली. हे चालणार नाही, म्हणाले, लोकांना दुःख दिसलं पाहिजे. मी म्हटलं, दुःख आहेच, पण मावशी तेवढीच नाही. काम घेऊन जा.

मावशीला मी दोन्ही दाखवलं, त्यांना हवं होतं ते आणि मी जोडलेलं. ती म्हणाली, "मले रडतानीच कायले दाखवून राह्यले? हासली नाही काय मी?"

त्यानंतर मी हट्टानं त्या माणसाचं बाकीचं सगळं शोधून ऐकलं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात गोधड्या टाकून पडलेल्या घरातल्यांचं गाणं आहे त्याचं. मठातल्या साधूनं आपल्या मांजरावर केलेल्या कवितेचं एक आहे. कुणी ऐकत नाही, कुणाच्या मरणाला वाजवत नाहीत, आणि म्हणून ती कमी होत नाहीत. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं, बाबा, आता म्हणते. एका धुनेवरून माणूस कळत नाही, एका बातमीवरून जिल्हा कळत नाही.

त्यांनी फिल्म दुसरीकडून जोडून घेतली. टीव्हीवर आली तेव्हा नुसती रडणारी मावशी आणि खाली तुमची रचना. मी शिव्या घालायच्या तयारीनंच बसले होते. त्यांनी जिथं रडवायचं ठरवलं होतं, नेमकी तिथंच मी रडले. हे तुम्हाला कळायला नको, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहू दे.