उमर, इमारत, मामूर

उल्हासनगर,
४ मे २०२५

चि. सम्यक,
जयभीम आणि ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू ‘बघतो ताई’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. स्वयंपाकघराचं छत थोडं खाली उतरलंय, त्यामुळे शेगडी बाहेरच्या खोलीत आणली. सोयीचंच झालं, पडल्या पडल्या डाळीवर लक्ष राहतं.

इमारतीला ‘अतिधोकादायक’ पाटी लागली तशी बहुतेक घरं बदलापूर-अंबरनाथला गेली. पण ताबा सुटला तर नव्या बांधकामात जागा मिळणार नाही, म्हणून प्रत्येकानं एकेक म्हातारं मागे ठेवलंय. आपणही. ‘खोली रिकामी सोडू नकोस’ हे तुझं वाक्य आई बुद्धवंदनेसारखं पाळते.

तळमजल्यावर टेकचंददादांना त्यांच्या मुलांनी असंच ठेवलेलं. ते अरबी लिपीत सिंधी शिकलेले. संध्याकाळी पायरीवर बसून मला अरबी धातू शिकवायचे. ऐन, मीम, रे या तीन अक्षरांतून म्हणे उमर निघते, इमारत निघते, आणि मामूरही, म्हणजे माणसांनी भरलेलं. जगणं, राहणं, बांधणं, सगळं एका धातूत! संस्कृतात मला याला तीन धातू लागले असते. मी तर इतकी वर्षं उमरला अमरची बिघडलेली बहीण समजत होते. दादा खूप हसले. म्हणाले, “बहनजी, अमर कोई नहीं. और आदमी न हो तो ये इमारत नहीं, मलबा है.”

मंगळवारी ते झोपेतच गेले. छतानं नाही, वयानं. बुधवारी मुलांनी आपल्या आत्याला आणून त्याच खाटेवर बसवलं.

आईनं जिन्यातून ते पाहिलं. वर येऊन म्हणाली, “माझ्यामागं इथं कोण बसंल गं?”

“मी.”

“मग ठीक.”

दोन दिवसांसाठी आले म्हटलं होतं ना तुला? अंबरनाथची भाड्याची खोली मी सोडलीय. ताबा मी धरते, तू आईला ने. शिरगावच्या तुझ्या हॉलमध्ये चपलांचं कपाट हलवलं तर तिची खाट मावते. मागच्या खेपेला मी नजरेनं मोजून ठेवलंय. पुढच्या रविवारी ये.

तू येतोयस असं तिला सांगितलं. ती नुसती हसली. पिशवी काही भरली नाही.

उत्तर याच पत्त्यावर पाठव. दुसरा पत्ता आता नाही.

तुझी,
प्रीतीताई