आधी कोणाची रॅकेट

बाबा, मी परवा एका मोठ्या देशाच्या पाच रॅकेटी थांबवून ठेवल्या आणि एका एवढ्याशा देशाची एक रॅकेट आधी विणली. तू असतास तर हे केलं नसतंस, म्हणून तुलाच सांगतेय.

मुलुंडच्या क्लबात व्हरांड्याच्या टोकाला रॅकेटींना तारा घालायचं तुझं गटिंगचं मशीन होतं आणि वर भिंतीत सहा खिळे. पहिला खिळा कमिटीवाल्यांचा, मग जुने मेंबर, मग नवे, आणि शेवटचा उरलेल्यांचा. कोणाची रॅकेट आठवडाभर लटकत असली तरी पहिल्या खिळ्याला नवी आली की तू हातातलं संपवून तीच उतरवायचास. एकदा तार तुटून माझी शेवटच्या खिळ्याला होती. कोणीतरी टाकून दिलेली, तू ग्रिप बदलून मला दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेकडून माझी मॅच होती. मी म्हटलं, "बाबा, माझी?" तू मानही वर केली नाहीस. "चेडवा, तुझी खंय पळता? आधी मेंबर." मी मैत्रिणीची जड रॅकेट घेऊन खेळले आणि अर्ध्या तासात हरून आले. रडत होते, तर तू म्हणालास, हरल्याचं खापर रॅकेटवर फोडू नये. ते वाक्य मला अजून बोचतं. तुझी शिस्त होती ती, मान्य. पण मला तेव्हाही ती पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

तू गेल्यावर मी कुठे टिकलेच नाही. चारकोपला एका गाळ्यात बॅगांना चेन लावल्या, गोरेगावला शूटिंगच्या गर्दीत उभी राहिले. एकदा दिवसभर नर्सचे कपडे घालून बसवलं, तोंडावर कॅमेरा आलाच नाही. माहुलला मैत्रिणीकडे राहून तिच्या आईबरोबर सुकट निवडली, त्या मावशी म्हणायच्या, तुझ्या पायाला भिंगरी आहे गं. असो. हात मात्र तुझं काम विसरले नाहीत. म्हणून अंधेरीच्या क्लबात बायकांच्या टेनिसची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा आली, तेव्हा गटिंगच्या टेबलावर आठवड्याचं काम मिळालं.

आता बघ, काय होतं. एक बेटाचा देश आहे, सगळा मिळून आपल्या बोरिवलीत मावेल. त्यांच्या चारच मुली. एक शाळेत शिकवते, एक बँकेत आहे. कॅप्टन त्यांच्यातल्याच एकीची मोठी बहीण, तीच पाण्याच्या बाटल्या उचलते, तीच पायाला पट्टी बांधते. त्यांच्या शेवटच्या लढतीत सिंगल्स एक-एक झालेल्या. डबल्स जिंकली तर त्या या गटात राहणार, हरल्या तर खालच्या गटात. आणि त्या शिक्षिकेकडे दोनच रॅकेटी, दोन्हींच्या तारा सिंगल्समध्ये तुटल्या. कॅप्टन एक घेऊन धावत आली. "ताण पंचावन्न पौंड. अर्धा तास आहे. होईल?"

टेबलाचा मुख्य माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. मोठ्या देशाच्या पाच रॅकेटी दाखवून म्हणाला, "आधी हे. त्यांच्या मॅनेजरने सांगून ठेवलंय."

"त्यांची मॅच उद्या आहे ना?"

"म्हणून काय झालं? या हरणारच आहेत गं. दुसऱ्या कोणाची रॅकेट घेतील. तू का टेन्शन घेतेस?"

तो मराठीत बोलला, पण कॅप्टनला कळलं. ती रॅकेट छातीशी धरून उभी राहिली. मी मशीनवर लावलेली मोठ्या देशाची रॅकेट काढली. तिला अजून एकही तार घातली नव्हती, नाहीतर अर्धवट काढली नसती, एवढं तू शिकवलंयस. मग यांची लावली. "उद्यापासून येऊ नकोस," मुख्य म्हणाला. "बरं," मी म्हटलं, आणि उभ्या तारा ओढायला घेतल्या. आडव्या घालताना बोटाचं साल निघालं. कॅप्टन घड्याळाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होती. पाच मिनिटं राखून रॅकेट दिली.

तीन सेट झाले. तिसरा टायब्रेकला गेला आणि त्या हरल्या. शेवटचा बॉल त्या शिक्षिकेनेच नेटमध्ये मारला. तार एकही तुटली नाही. मुख्य म्हणाला, "बघितलंस? हरल्याच ना?"

"हरल्या. पण स्वतःच्या रॅकेटने हरल्या."

तुलाही हेच सांगायचंय, बाबा. खापर मी रॅकेटवर फोडत नव्हते. मला माझ्या रॅकेटने हरायचं होतं. पुन्हा कोणी सहा खिळे ठोकले तर मी पुन्हा हेच करेन, आणि पुन्हा काम गेलं तर जाऊ दे.

निघताना कॅप्टन टेबलापाशी आली. तारांवर अंगठा फिरवून तिने विचारलं, कोणी शिकवलं तुला? मी बॅग भरत होते. हे पत्र आता त्याच बॅगेत पडून राहणार आहे, याला पत्ता कुठला. राग डोक्यात होता, तुझं नाव ओठांवर आलं होतं, आणि मी म्हटलं, "कोणी नाही, माझं मीच शिकले." तेवढं मात्र मी खोटं बोलले.