सरदाराचा मुलगा पिंपवाला

प्रिय ॲबनरदादास,

धाकट्या टॅबिथाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा खोकला, यांत सध्या कोण पुढे आहे ते कळव. मी ठणठणीत आहे (विन्थ्रॉपला त्याचंच वाईट वाटतं).

ओहायोत जाऊन राहिलास, सुटलास. यंदाच्या हॅझलकोम्ब कुटुंब मेळाव्यात शिंपल्यांचं सूप संपताच अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या लांबच्या चुलतभावाने, विन्थ्रॉपने, नव्या वंशावळीची पुस्तिका वाटली. इंग्लंडहून जहाजाने कनेक्टिकटला आलेले आपले मूळपुरुष एझ्रा, ज्यांनी इथे जन्मभर लाकडी पिंपं बनवली (हे गावच्या दप्तरात आहे), ते म्हणे एका सरदाराचे चिरंजीव. मी एवढंच विचारलं, की हे कशावरून? आणि त्याच्याच पुस्तिकेप्रमाणे सरदार वारल्यावर चार वर्षांनी एझ्रा जन्मले कसे?

"टॅबी, त्या काळी लोक तारखांचा एवढा बाऊ करत नसत," तो म्हणाला. सगळे हसले. इंटरनेटवरही हेच आहे, असं कुणीतरी म्हणालं. (असणारच. तिथे विन्थ्रॉपनेच घातलंय.)

आठवड्याने त्याचा निरोप आला. पुरावेच हवेत, तर टॅबिथा तरी हॅझलकोम्ब कशावरून? जिच्याकडून आपण हॅझलकोम्ब, त्या आजीच्या जन्माची नोंद चर्चबरोबर जळाली, हे त्याला पक्कं ठाऊक. सिद्ध होईपर्यंत कुटुंबाच्या दफनभूमीत मला जागा नाही. अरे, तिथे माझ्या सायलसच्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाखाली माझं नाव नि जन्मसाल कोरून तयार आहे, फक्त मी मरायची बाकी. नवरा परका, तो माझ्यामुळे आत. आणि मी फाटकाबाहेर. फाटकावर आता सरदाराचं मानचिन्ह लावलंय. असल्या माणसापुढे मी नाक घासणार नाही, हे तू सगळ्यांना खुशाल सांग.

तुझी,
टॅबिथा

ता. क. सोबत एक कागद आहे. आपण एझ्रांचे वंशज आहोत आणि ते सरदाराचे पुत्र होते, हे आजीने आपल्याला सांगितलं, असं त्यात लिहिलंय. दोन भावंडांची साक्ष विन्थ्रॉपला चालते. मी सही केली आहे, तूही कर. सायलसशिवाय मला कुठेच झोप लागायची नाही रे.

पुन्हा ता. क. आजी खरं काय सांगायची, ते आता आपल्या दोघांनाच माहीत आहे. तू नातवंडांना सांगू नकोस.