आवाज न उरलेला पोपट

अण्णा, तुमची नात शाळेसाठी नामशेष पक्ष्यावर प्रोजेक्ट करते आहे. तिने सेशेल्स बेटांवरचा हिरवा पोपट निवडला आणि गेल्या शुक्रवारी इथे कुवेतमध्ये, महबूलातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं दिवसभर त्याच्याच मागे होतो. बेटांवर माणसं आली, त्यांनी मका लावला, पोपट मका खाऊ लागले, म्हणून माणसांनी गोळ्या घालून, फासे लावून पोपट संपवले. इतकी साधी गोष्ट. आता संग्रहालयांत मोजकी पेंढा भरलेली पाखरं उरली आहेत आणि थोडी चित्रं. पोरीने ती सगळी पाहिली आणि विचारलं, "बट बाबा, तो ओरडायचा कसा?" मी बरंच शोधलं. त्याचा आवाज कोणी टिपलेलाच नाही. "खाली खजुरांवर पोपट ओरडतात ना, तसाच असेल," मी म्हटलं. "यू आर गेसिंग," ती म्हणाली. आजीवर गेली आहे. मग तिने विचारलं, "आणि आजोबा कसे बोलायचे?"

तुम्ही इथून कॅसेट भरून पाठवायचात, सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती. दिवसभर सुतारकाम करून खोलीवर आलात की बोलायला बसत असणार, मागे कोणाचा तरी कुकर वाजत असायचा. आमचं ऐकून झालं की आई त्याच कॅसेटवर आमचे आवाज भरायची आणि कुवेतला परतणाऱ्याकडे द्यायची. अख्ख्या वाडीत हीच रीत होती. त्यात काही पुसलं जातंय असं कोणाच्या मनातही आलं नाही. तुम्ही होतात, पुन्हा बोलणार होतात. मी पाचवीत असताना तुम्ही इथेच गेलात आणि सामानातून कॅसेट परत आली. आईने ती घाईघाईने लावली, तर मी पाढे म्हणत होतो. उलटली, तर धाकटी गात होती. उत्तर भरायचं राहून गेलं म्हणून मला तुमचा भयंकर राग आला होता.

पोरीला मी तुमचं ते आईला त्रास देऊ नको सांगणारं वाक्य करून दाखवलं, नाकातून, शेवट लांबवून: "झिला, आवशीक तरास दिव नको हांऽ." तिने ते लगेच फोनवर रेकॉर्ड केलं आणि आजोबांचा आवाज म्हणून जपून ठेवलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहितो. कॅसेट ऐकायला न मिळालेल्या शेजारणींना आई तुमची नक्कल करून दाखवायची. माझ्या कानात आहे ती तिची नक्कल. तुमचा आवाज मला आठवत नाही, अण्णा.