ख्रिसमसच्या तोर्तेल्लिनी नोव्हेंबरात

बोलोन्या,
धुक्याचा मंगळवार

ती. आर्जाताईस,
धाकट्या एर्मेसचा वाकून नमस्कार (जेवढं वाकता येतं तेवढा).

आधी तुझ्या गुडघ्यांची आणि मग तुझ्या मांजराची खुशाली विचारतो, कारण मागच्या पत्रात दोघंही कुरकुरत होती. तिकडे त्रिएस्तेत वारा सुटला की रस्त्यात दोर बांधतात म्हणे. तो दोर धरूनच चालत जा. दाजी गेल्यापासून तुला हाताला धरून नेणारं कोणी नाही, आणि मांजराचा त्या बाबतीत काही उपयोग नाही. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी मजेत नाही. परवा रविवारी माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या भावजयीने, दिर्चेने, मांसाचं सारण भरून तोर्तेल्लिनी वळल्या. ताई, नोव्हेंबरात! आमच्याकडे तोर्तेल्लिनी वर्षातून एकदा, ख्रिसमसला होतात, हे तुला ठाऊक आहे. माझं पित्ताशय काढलं तेव्हा शुद्धीवर येता येता मी त्याच मागितल्या होत्या, तर ही बया म्हणाली, ‘येशू जन्मला की मिळतील.’ आणि परवा त्या झाल्या कोणासाठी? लोरीससाठी.

लोरीस तुला आठवायचं काही कारण नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जोडे शिवणारा पिएत्रो बसायचा ना, त्याचा मुलगा. पुढे अर्जेंटिनाला गेला तो. तरुणपणी हा रोज संध्याकाळी आपल्या दाराला सायकल टेकवून तिची साखळी बसवत बसायचा. सायकल एकच, साखळी एकच, आणि ती वर्षभर रोज निसटायची! मी तेव्हा मूर्ख होतो. आपल्या दारासमोरच दिर्चेच्या माहेरची खिडकी होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आत्ता आलं. (तू तर तिथेच उंबऱ्यावर बसून शेंगा सोलायचीस. तो कुठे टक लावून बघायचा ते तू नक्की पाहिलं असशील. एवढी वर्षं भावाला बोलली नाहीस, हे मात्र बरं केलं नाहीस.)

तर हा लोरीस, बायको वारलेली, मुलं आपापल्या संसारात, असा मोकळा होऊन मायदेश बघायला आला आणि रविवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला. हातात मिठाईचा डबा, डोक्यावर रुंद हॅट, आणि हॅट काढली तर खाली जंगल! ताई, मी उभा जन्म न्हाव्याचं दुकान चालवलं. लोकांचे केस गळताना बघणं हाच माझा म्हातारपणाचा दिलासा. या माणसाचा एक केस गळलेला नाही. दारातच त्याने विचारलं, ‘आर्जा कशी आहे?’ लबाडी बघ. दुसऱ्याच्या बायकोला भेटायला येणारा माणूस आधी घरातल्या इतरांची चौकशी करतो, एवढं मला कळतं. दिर्चे आतून हात पुसत आली, दोघांनी एकमेकांच्या गालाला गाल लावले, आणि ती मला म्हणाली, ‘अहो, यांना जरा गाव फिरवून आणा. संध्याकाळी जेवायला घरीच. मी तोर्तेल्लिनी करते.’ इतक्या सहज म्हणाली की जणू कॉफीच टाकते म्हणाली.

मी प्रथम म्हटलं, पाहुण्याचे केस नीट करून देऊ. मनात काय होतं ते तुझ्यापासून लपवत नाही: कानामागची कवटी दिसेपर्यंत कात्री चालवायची आणि मग ते ध्यान दिर्चेपुढे उभं करायचं. पण हात दगा देतो, ताई. जन्मभराची सवय, कात्री हातात आली की ती वाईट कापतच नाही. पाठीवरचा कपडा झटकला आणि स्वयंपाकघरातून दिर्चे पिठाच्या हातांनी डोकावली. ‘अगंबाई! दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात की हो!’ नंतर तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काहीच म्हणाली नाही. तिथे म्हणण्यासारखं काही उरलेलंच नाही.

जिन्यात मला दुसरी युक्ती सुचली. आपल्या गावात पानात वाढलेली तोर्तेल्लिनी टाकणं म्हणजे करणाऱ्या बाईला भर चौकात शिवी देणं. तेव्हा याला दिवसभर असं चारायचं, असं चारायचं, की संध्याकाळी पोटात वाटाण्यालाही जागा उरता कामा नये. पुढचं दिर्चे बघून घेईल. अडचण एकच होती. पाहुण्याला एकट्याला खायला घालून आपण समोर बघत बसायचं, ही आपल्याकडची रीत नव्हे. तो जेवढं खाईल तेवढं मलाही खाणं भाग होतं. म्हटलं, घरादाराच्या अब्रूसाठी माणसं काय काय करतात, मी खाईन.

बाजारातल्या गल्लीत आधी डुकराच्या मांसाचा मोर्तादेल्ला घेतला, कागदासारखा पातळ कापून, जाडजूड पुडकं. ते घेऊन आपल्या त्या जुन्या दारूच्या गुत्त्यात बसलो, जिथे खाणं आपलं न्यायचं आणि मालकाकडून फक्त वाइन घ्यायची. (मालक तोच आहे, अजून प्रत्येकाकडे उपकार केल्यासारखं बघतो.) लोरीसने पुडकं उघडलं, एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, ‘आर्जाला याची कड आवडायची. मधला भाग भावंडांना द्यायची आणि कड स्वतः खायची. आठवतं?’ मला कुठलं आठवायला! तू मधला भाग आम्हाला द्यायचीस आणि आम्ही तो खायचो, एवढंच मला आठवतं. पण या माणसाचं धोरण बघ. दिर्चेचं नाव तोंडातून निघू नये म्हणून तुझं पुढे करतो. मी त्याच्यापुढे आणखी चार चकत्या सरकवल्या. त्याने खाल्ल्या. मग मीही खाल्ल्या.

नंतर चौकात गेलो. कारंज्यावरचा आपला थोराड नागडा देव धुक्यात कमरेपर्यंतच दिसत होता, म्हणजे नेमका सभ्य दिसत होता. लोरीस म्हणाला, कमानीखालच्या कोपऱ्यांत जाऊ या. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून एकजण कुजबुजला की दुसऱ्याला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, ती लहानपणची गंमत. म्हातारपणी पाठीला पाठ करून भिंतीला नाक लावून उभं राहायचं म्हणजे काय शोभा! तरी राहिलो. मग दगडातून त्याचा आवाज आला, अगदी हळू: ‘एर्मेस, तोंडावर विचारायचं धैर्य होत नाही म्हणून इथे विचारतो. एकटीला करमतं का रे तिला?’

ताई, एकटी! मी दुकान बंद केल्यापासून दिवसभर घरात बसलेला असतो, आणि हा म्हणतो, एकटी! म्हणजे दिर्चेने याला पत्रातून कळवलं असणार, की नवरा घरात आहे खरा, पण असून नसल्यासारखा. मी भिंतीला उत्तर दिलं, ‘मजेत आहे ती. कोणाची गरज नाही तिला.’ पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं. पण ‘असून नसल्यासारखा’ हे शब्द मीच बनवले होते आणि तेच डोक्यातून जाईनात. तिने तसं म्हटलं नसेल कशावरून?

मग मी सूड उगवायला सुरुवात केली. खानावळीत बसवून ताल्यातेल्लेच्या रुंद शेवया मागवल्या, वर खिम्याच्या रागूचा डोंगर. त्यानंतर उकडलेल्या मांसाची गाडी टेबलापाशी आणायला लावली आणि गाडीवर जे जे होतं ते ते घ्यायला लावलं, जिभेपासून पायापर्यंत. त्यानंतर भाताचा केक. लोरीस मन लावून खात होता आणि मध्येच विचारत होता, त्रिएस्तेला इथून गाडी किती वेळ घेते, तिथे समुद्र घरातून दिसतो का. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कधी गेलेलो नाही. (हे लिहिताना लाज वाटते. दाजींच्या वेळी यायला हवं होतं.) बाहेर पडून आइस्क्रीम खाल्लं, मग दोन मनोऱ्यांपाशी टेकलो. ते दोन्ही मनोरे कललेले आहेत हे जगजाहीर आहे. परवा मला ते सरळ दिसले, त्यावरून मी किती कललो होतो ते ओळख. लोरीस माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, ‘अरे, बेताने. संध्याकाळी तोर्तेल्लिनी आहेत.’

घरी आलो तर दिर्चेने निळा झगा घातलेला, गळ्याशी आपल्या आईचा ब्रोच. टेबलावर पांढरं कापड. लाटलेल्या पोळीचा एक तुकडा तिने मुद्दाम ठेवला होता. तो खिडकीशी धरून दाखवला, कारण पोळी इतकी पातळ हवी की तिच्यातून टेकडीवरचं सान लुकाचं चर्च दिसलं पाहिजे, असं आपल्याकडे म्हणतात. धुक्यामुळे सान लुका पोळीशिवायही दिसत नव्हतं, पण लोरीस म्हणाला, ‘दिसलं, दिसलं!’ असा हा गोडबोल्या. मग कोंबड्याच्या सोनेरी रश्शात तोर्तेल्लिनी आल्या, बोटाच्या पेरावर वळलेल्या, एकीसारखी एक. लोरीसने ताट स्वच्छ केलं आणि पुन्हा पुढे केलं. मी पहिला चमचा घेतला, तो गेला. दुसरा देवाचं नाव घेऊन घेतला, तोही गेला. तिसरा ओठांपर्यंत आला, आणि आतून सकाळच्या मोर्तादेल्लापासून सगळ्यांनी एकमुखाने नकार दिला. मी चमचा खाली ठेवला.

दिर्चेने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘अहो, बरं नाही का वाटत?’ मी काही बोलणार तोच लोरीस निरागसपणे म्हणाला, ‘सकाळपासून खातोय तो! मी म्हणत होतो, वहिनींसाठी जागा ठेव.’ ती ‘अस्सं’ म्हणाली. बस्स, एवढंच. माझं ताट उचललं, रस्सा पातेल्यात परत ओतला, आणि तेव्हापासून मला दोन्ही वेळा पुडक्यातला सुका पास्ता मिळतो आहे.

लोरीस स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरला आहे, पण कालही आला, आजही आला. स्वयंपाकघरात दोघं हळू बोलतात, मी आलो की गप्प होतात. ताई, मी जळतो आहे. या वयात माणसाने जळू नये, पण जळतो, त्याला काय करू? आता मी दिवसभर स्वयंपाकघरातच बसतो. ती भांडी घासते, मी पुसतो. तिच्या उजव्या तळव्याला लाटण्याचा घट्टा आहे, हे मला काल कळलं. इतकी वर्षं तो हात कात्रीच्या अंतरावर होता आणि मी लोकांच्या माना बघत बसलो. काल तिला कमानींखालून फिरायलाही नेलं. ती म्हणाली, ‘आज काय आहे?’ मी म्हटलं, ‘धुकं.’

बाकी सर्व क्षेम. मांजराला आशीर्वाद.

तुझा,
एर्मेस

ता. क. – खरं काम सांगायचं राहिलं. तू लोरीसला तुझ्याकडे बोलावून घे. तुझी मागची खोली रिकामीच आहे, आणि त्यालाही समुद्र बघायचा आहे. परक्या माणसाची उस्तवार तुला जड जाईल हे समजतं, पण भावाचा संसार वाचवायचा आहे. हवं तर वाईट स्वयंपाक कर. फक्त परत पाठवू नकोस.

ता. क. २ – पत्र टपालात टाकायला दिर्चेकडेच देतो आहे, माझी कंबर धरली आहे. पाकीट तीच चिकटवेल. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

वन्सं, नमस्कार. वाचलं. लोरीसभाऊजी शनिवारच्या गाडीने तुमच्याकडे निघताहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय येणार नाही म्हणत होते, म्हणून ‘वन्संना विचारलंय’ असं मी त्यांना सांगून टाकलं. ती साखळी कधीच निसटत नव्हती, हे तुम्हालाही माहीत होतं आणि खिडकीतून मलाही. तोर्तेल्लिनी मुद्दाम केल्या. माणूस कसा आहे ते जेवताना कळतं. दोनदा वाढून घेतलं आणि दर घासाला तुमचं नाव. माणूस चांगला आहे, या वेळी नाही म्हणू नका. यांच्या वाट्याच्या तोर्तेल्लिनी मी बाजूला ठेवल्यात, गाडी सुटली की वाढीन. पण भाऊजी कोणासाठी आलेत ते यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही एवढ्यात सांगू नका. ख्रिसमसला दोघं इकडे याल तेव्हा कळेलच. तोवर जळू देत थोडे. भांडी छान पुसतात हल्ली.

– दिर्चे